पिवळ्या फुलाचा तो माका नाही ताई, खरा माका ओळखायचा, लावायचा आणि विकायचा कसा ते सांगतो

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. कराडच्या अलीकडे कालव्याखाली 15 गुंठे रान, पाझराचं पाणी येतं म्हणून ऊस पिवळा पडतो, सोयाबीन कुजतं, मग कुणीतरी सांगितलं माका लावा, औषधी आहे, भाव चांगला आहे, म्हणून तुम्ही नर्सरीतून 500 रोपं आणून लावली, ती महिन्याभरात जोरात पसरली आणि आता त्याला पिवळी फुलं आल्यावर गावातल्या वैद्य म्हणतायत की हा माका नव्हे. मी मुळशीकडे भाताच्या खाचरांत गेली 14 वर्षं माका लावतोय, त्याआधी तोच माका तण म्हणून उपटून बांधावर टाकत होतो, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात. तुमच्या वैद्य बरोबर सांगतायत. ते झाड माका नाही.

तुम्ही लिहिलंय पानं जाड, चकचकीत, कडेला तीन टोकं निघाल्यासारखी, वेल जमिनीवर गालिच्यासारखा पसरतो. ती बागेतली वेडेलिया आहे, शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. रस्त्याच्या डिव्हायडरमध्ये, सोसायटीच्या बागेत शोभेला लावतात तीच. जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या प्रजातींची जी यादी आहे त्यात हिचं नाव आहे, म्हणजे किती पसरते बघा. नर्सरीवाले बऱ्याच ठिकाणी हिला 'पिवळा माका' किंवा 'पिवळा भृंगराज' म्हणून विकतात. मुद्दाम फसवतातच असं मी म्हणणार नाही, त्यांनाही पुढून तसंच सांगून दिलेलं असतं. पण गोंधळ का होतो तेही समजून घ्या, कारण पिवळ्या फुलाचा एक खरा भृंगराज आहे, पीतभृंगराज, त्याची पानं साधी लांबट असतात, तीन टोकांची नसतात, आणि दक्षिणेत तो वापरातही आहे. तमिळ लोक पांढऱ्या आणि पिवळ्या दोन्हींना करिसलांकण्णीच म्हणतात. अजून एक गंमत म्हणजे माक्यातला जो मुख्य घटक लॅबमध्ये मोजतात तो वेडेलोलॅक्टोन, त्याचं नावच मुळी त्या पीतभृंगराजाच्या जुन्या शास्त्रीय नावावरून (तेही वेडेलियाच) पडलंय, मद्रासच्या गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये तो त्यातून वेगळा काढून त्याची रचना मांडली, नंतर आपल्या पांढऱ्या माक्यातही तोच सापडला. पण तुमच्या रानात जी आहे ती या दोन्हींपैकी कुठलीच नाही.

म्हणून पहिलं काम, ती सगळी उपटा. नुसतं कापू नका, प्रत्येक पेराला मूळ धरते, बोटाएवढा तुकडा राहिला तरी पाझराच्या ओलीत परत उभी राहते. कुदळीनं मुळासकट काढायची, उकिरड्यावर किंवा कालव्यात अजिबात टाकायची नाही, पत्र्यावर किंवा खळ्यावर कडक उन्हात पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची आणि मगच खड्ड्यात घालायची. एप्रिल-मेचं ऊन त्यासाठी फार चांगलं, पावसाळा लागला की हे काम होणार नाही.

आता खरा माका. एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा अल्बा लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. संस्कृतात भृंगराज, केशराज, मार्कव, आपला माका त्या मार्कववरूनच आलेला. व्यापाऱ्याशी बोलताना मात्र 'भांगरा' हा हिंदी शब्द लक्षात ठेवा, पावतीवर बहुतेक तेच लिहितात. शेवंती, झेंडू, सूर्यफुलाच्या कुळातलं हे झाड, फक्त फूल अगदी बारीक, सात-आठ मिलिमीटरचं, पांढरं, शर्टाच्या बटणासारखं. पानं समोरासमोर, लांबट, देठ जवळजवळ नाहीच, पानाला हात लावला तर बारीक खरखरीत लव लागते. खोड बऱ्याचदा लालसर-जांभळट झाक असलेलं. फूल गळून गेलं की मागं हिरवी चपटी बोंडी राहते, ती वाळली की तपकिरी-काळी होते आणि त्यातून बारीक कोनदार बी पडतं. या बीला पंख, केस काहीच नाही, वाऱ्यावर उडत नाही. एक्लिप्टा हे नावसुद्धा ग्रीकमधल्या 'उणं असणं' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय, बीवरचा तो केसांचा झुपका नाही म्हणून.

आणि सगळ्यात पक्की खूण सांगतो जी कुठलंही पुस्तक न उघडता करता येते. दोन-चार पानं घ्या, तळहातावर अंगठ्यानं रगडा, रस निघेपर्यंत. आधी हिरवा दिसेल. पाच-दहा मिनिटं थांबा. खऱ्या माक्याचा रस काळानिळा पडतो, हात धुतला तरी डाग दोन दिवस जात नाही. पूर्वी गोंदणाच्या रंगातही हा रस घालायचे ते याच गुणामुळं. माझ्याकडं खुरपायला येणाऱ्या बायकांना मी हेच शिकवलंय, शंका आली की रगडून बघा.

या खुणेचं एवढं का सांगतोय तर माझी स्वतःची पहिली कोरडी खेप परत आली होती म्हणून. दोन वर्षं मेहनत करून, पोती भरून एका औषध कंपनीकडं पाठवली आणि त्यांच्या तपासणीत त्यात एकदांडी निघाली. एकदांडी म्हणजे ट्रायडॅक्स, काही भागात कंबरमोडी, दगडीपाला म्हणतात. ती सगळीकडं असते, जखमेवर लावतात, वाईट झाड नाही, पण माका नाही. तिची पानं कातरलेली, लांबलचक दांडीवर एकच फूल, मध्ये पिवळं आणि कडेला पांढऱ्या पाकळ्या, आणि बी केसाळ, फुंकर मारली की उडतं. ती कोरड्या माळावर, बांधाच्या वरच्या अंगाला येते आणि माका ओलीत, तरी बांधावरून खाली सरकते. दुसरी कांचरी, ओलीतच येते, पानं समोरासमोर आणि फुलं पांढरी बारीक, कोवळी असताना लांबून हुबेहूब माका वाटते, पण तिची फुलं पानाच्या बगलेत चिकटून येतात, वाळल्यावर कागदासारखी लागतात आणि रस काळा होत नाही. तिसरं झाड भाताच्या खाचरातलं, सीझुलिया, त्याला तर आपल्याकडं काही लोक माकाच म्हणतात, फुलं फिकट जांभळट आणि पानाच्या बुडाशी बसलेली, देठच नाही. तुमच्या पाणथळ रानात ही तिन्ही आपोआप येणार हे धरून चाला. वाळलेल्या पाल्यात हे निवडता येत नाही, रानात उभं असतानाच निवडायला लागतं.

बी कुठून आणायचं? विकत घ्यायची गरजच नाही ताई. तुमच्याच कालव्याच्या पाळीला, पाटाच्या कडेला, हापशाच्या सांडपाण्याजवळ माका असणारच, आमच्या भागात तर बारा महिने फुलात असतो. रगडून खात्री केलेल्या झाडांना एक दोरा बांधून ठेवा, बोंडं तपकिरी झाली की हातानं चोळून कागदावर घ्या, सावलीत चार-पाच दिवस वाळवून चाळून ठेवा. बी फार बारीक असतं, 15 गुंठ्यांना 50 ते 100 ग्रॅम खूप झालं. बी कुठल्याही जागचं चालेल, पण माका मात्र कुठल्याही जागचा कापून विकायचा नाही, गटाराच्या, कारखान्याच्या नाल्याच्या, हायवेच्या कडेचा तर नाहीच. ही वनस्पती मातीपाण्यातले जड धातू ओढून घेते. आयुर्वेदिक औषधाला शिसं 10 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 10), आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 अशी मर्यादा आहे, चांगला खरेदीदार ते तपासतो. तुमच्या पाझराच्या पाण्यात वरून कुठलं सांडपाणी मिसळत नाही ना ते लागवडीआधी बघा, आणि शक्य असलं तर माती-पाणी दोन्ही एकदा तपासून घ्या. शेजारच्या उसात तणनाशक मारलेलं पाणी तुमच्यात उतरत असेल तर तेही बोलून थांबवायला हवं.

रोप करताना लोक जिथं चुकतात ती गोष्ट अशी की बी मातीत गाडतात. माक्याच्या बीला उगवायला उजेड लागतो. अर्धा सेंटिमीटर मातीखाली गेलं तरी वर येत नाही. मी पहिल्या वर्षी मेथी टाकतो तसं टाकून वरून शेणखताचा थर दिला होता, दहा टक्केसुद्धा उगवलं नाही आणि मी म्हणत होतो बी खराब आहे. आता असं करतो, मेच्या मध्यावर मीटरभर रुंदीचा गादीवाफा, वरचा इंच-दीड इंच चाळलेलं कंपोस्ट, आधी भरपूर भिजवायचा, बी पाचपट बारीक कोरड्या वाळूत मिसळून वर नुसतं भुरभुरायचं आणि फळीनं हलकं दाबायचं. वर माती नाही, गवत नाही. वरती 50 टक्क्याची शेडनेट, ऊन कमी होतं पण उजेड मिळतो. पाणी झारीनं किंवा फॉगरनं, दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं, पृष्ठभाग सुकला की खेळ संपला कारण बी वरच आहे. आठवडा ते बारा दिवसांत हिरवी साय धरल्यासारखं उगवतं. दाट आलं तर विरळ करा. 30-35 दिवसांत चार-सहा पानांचं रोप लावायला तयार.

दुसरा मार्ग कांड्यांचा. तीन-चार पेरांचा वीतभर तुकडा, दोन पेरं ओल्या मातीत, आठ-दहा दिवसांत मूळ धरतो. मोकळ्या जागा भरायला हा सोपा पडतो, सगळं रान कांडीवर करायला मात्र मजूर जास्त लागतो.

रान तयार करताना तुमच्या जमिनीबद्दल एक सांगतो. माका ओलीचा असला तरी पाण्यात बुडून राहिला तर खालची पानं सडतात आणि चिखलानं भरतात. म्हणून सपाट वाफे करू नका. तीन-चार फुटांचे गादीवाफे आणि मध्ये वीतभर खोल चर, पाझराचं पाणी चरातून वाहतं राहील आणि मुळाला ओल मिळेल. थोडा खारटपणा असेल तरी माका तग धरतो, उसाइतका नाजूक नाही. 30 बाय 20 सेंटिमीटरवर लावलं तर 15 गुंठ्यांत हिशोबानं 25 हजार रोपं बसतात, चर सोडले की 20 हजाराच्या आसपास. चांगलं कुजलेलं शेणखत दोन ट्रॉल्या पुरे. युरिया देऊ नका, मी सुरुवातीला दिला होता, पाला लुसलुशीत वाढला, आडवा पडला, भुरी आली आणि वाळवल्यावर वजन काहीच भरलं नाही. रोगकीड तशी फार नाही, कधी मावा, कधी पानं खाणारी अळी, पांढरी माशी वाढली तर पानाच्या शिरा पिवळ्या पडणारा व्हायरस येतो, तशी झाडं दिसली की उपटून टाकायची. निंबोळी अर्कापलीकडं मी काही मारत नाही, मारूही नये, पानच विकायचंय आपल्याला.

खरा खर्च खुरपणीचा आहे. लावल्यावर 15-20 दिवसांनी पहिली आणि 40 दिवसांच्या आत दुसरी, 15 गुंठ्यांना प्रत्येक वेळी चार-पाच बायकांचे दोन दिवस तरी धरा, कारण इथं नुसतं तण काढायचं नसतं, माक्यासारखं दिसणारं तण ओळखून काढायचं असतं. लव्हाळा असेल तर त्याच्या गाठी आधीच उन्हाळी नांगरटीत वेचा, नंतर माक्याच्या मुळात शिरला की निघत नाही.

आता वेळेचं गणित, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कुणी सांगत नाही. लागवड जूनच्या शेवटी झाली की साधारण 60 ते 75 दिवसांत माका पूर्ण फुलावर येतो, म्हणजे ऑगस्ट अखेर-सप्टेंबर. फुलं आणि हिरवी बोंडं दोन्ही दिसतात तेव्हा कापायचा, तेव्हा पाला जास्त असतो आणि सत्त्व पानातच जास्त. पण त्या वेळी पाऊस चालू असतो, वाळवणार कुठं? तीन वर्षं मी त्या पावसाळ्यातल्या कापणीचा माल काळा करून घेतला. मग लक्षात आलं की तो वाळवायचाच नाही. भाद्रपदात ओल्या माक्याला दोनदा गिऱ्हाईक आहे. गणपतीच्या 21 पत्रींत माका आहे, 'गणाधिपाय नमः' म्हणून भृंगराजपत्र वाहतात, आणि लगेच पुढं पितृपक्ष, श्राद्धाला माक्याची पानं लागतातच. शहरात पत्रीच्या नावाखाली कसलाही पाला जुडीत बांधून विकतात हे लोकांनाही कळायला लागलंय, खरा माका, स्वच्छ धुतलेला, जुडीच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेला नेला तर कराड-साताऱ्याच्या बाजारात, पुण्याच्या मंडईत तो वेगळा उठून दिसतो. त्या पंधरा-वीस दिवसांत तेल बनवणारे लोकही ओला पाला घेतात, फक्त सकाळी कापून त्याच दिवशी पोचवायला लागतो.

कापताना जमिनीपासून तीन बोटं वर कापा, मुळं ठेवा. ती परत फुटतात आणि 45-50 दिवसांत दुसरी कापणी येते, म्हणजे नेमकी ऑक्टोबरच्या उन्हात किंवा दिवाळीच्या सुमाराला. ती वाळवायची. एकाच लागवडीत पहिली कापणी ओली विकायची आणि दुसरी कोरडी, असं बसवल्यापासून माझं नुकसान थांबलं. माझ्याकडं एका कापणीला गुंठ्याला 60 ते 80 किलो ओला माल निघतो, पाच-सहा किलो ओल्याचा एक किलो कोरडा होतो. म्हणजे तुमच्या 15 गुंठ्यांत एका कापणीला टनभर ओला, कोरडा 200 किलोच्या आत-बाहेर, तेही रान जमलं तर. पहिल्या वर्षी याच्या निम्मं धरा.

वाळवण्याबद्दल, कापल्यावर ढीग करू नका. दोन-तीन तासांत ढीग आतून तापतो, पानं काळी पडतात. पान रगडल्यावर जो काळा रंग येतो तोच प्रकार ढिगात दबून होतो. आधी स्वच्छ पाण्यात धुवायचा, कारण पानावरची लव माती धरून ठेवते आणि लॅबमध्ये पाला जाळून राख मोजतात, आम्लात न विरघळणारी राख जास्त निघाली म्हणजे वाळू-माती आहे हे त्यांना लगेच कळतं. मग पाणी निथळवून सावलीत, शेडमध्ये नाहीतर शेडनेटखाली, जमिनीपासून वर बांधलेल्या मांडवावर पातळ पसरायचा, दिवसातून दोनदा हलवायचा. पाच ते सात दिवसांत काडी कट्कन मोडली की झाला. हिरवट-राखाडी रंग राहिला पाहिजे. घाईघाईनं कडक उन्हात टाकलेला माल करपट तपकिरी होतो आणि सत्त्वही कमी भरतं. नवीन पोत्यांतच भरा, युरियाच्या जुन्या पोत्यात कधीच नको, प्रत्येक पोत्यावर कापणीची तारीख आणि रानाचा गट नंबर लिहा. खरेदीदार पंचांग मागतोय की नुसता पाला ते आधी विचारा, पंचांग म्हणजे मुळासकट अख्खं झाड, तशी ऑर्डर असली तर शेवटची कापणी उपटून आणि मुळं नीट धुऊन.

आता भाव. तुम्ही लिहिलंय की एका व्हिडिओत एकरी काही लाख सांगितलेत. ताई, माका मुळात तण आहे. भातात, उसात, पाटाच्या कडेला फुकट उगवतो आणि बाजारातला बराचसा कोरडा भांगरा असाच गोळा केलेला असतो, मजुरीशिवाय त्याला खर्च नाही. त्या मालाशी तुम्ही किलोच्या भावात लढू शकत नाही. त्याला हमीभाव नाही, बाजार समितीत कांद्यासारखा रोज निघणारा दर नाही. तुमच्या मालाला जास्त पैसे मिळतील ते एकाच कारणानं, की हा शंभर टक्के माका आहे, स्वच्छ जागेतला आहे, धुतलेला, सावलीत वाळवलेला आहे आणि पुढच्या वर्षीही मिळेल. हे ज्याला हवंय तो खरेदीदार शोधायला लागतो आणि तो लागवडीआधी शोधायचा असतो. म्हणून पहिल्या वर्षी 15 नाही, 3 गुंठे लावा. बाकीच्या रानात भात घ्या नाहीतर ओलीत चालणारा चारा. 3 गुंठ्यांतून दहा-पंधरा नमुने निघतील, एकेक किलोचे. ते आयुर्वेदिक फार्मसी, तेलवाले, काष्ठौषधीची दुकानं, आयुर्वेद कॉलेज इथं स्वतः घेऊन जा, सोबत वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं एक अख्खं झाड, फुलासकट, कागदावर चिकटवलेलं ठेवा. मी हे करायला लागलो तेव्हापासून समोरचा माणूस मला नुसता पाला विकणारा समजत नाही.

रोपं आम्ही देतो आणि माल आम्हीच उचलतो असं सांगणारे येतील. सफेद मुसळीच्या वेळी आपल्याकडं काय झालं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, लागवडीचं साहित्य विकून लोक गेले आणि मुसळी घेणारा सापडला नाही. जो माणूस रोपाचे पैसे आगाऊ घेतो आणि खरेदीचा लेखी करार करत नाही त्याच्याकडून घेऊ नका, माक्याला तर रोपं विकत घ्यायचीच गरज नाही हे वर सांगितलंच. खात्रीची माहिती हवी असेल तर राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आहे, 2000 साली स्थापन झालेलं, त्यांचं पश्चिम भागाचं केंद्र पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, तिथं जाऊन बोला. त्यांच्या ई-चरक पोर्टलवर खरेदीदार आणि विक्रेते दोघंही नोंद करतात. राहुरी आणि दापोली या दोन्ही कृषी विद्यापीठांत औषधी वनस्पतींवर काम होतं, झाड ओळखून घ्यायचं असलं तर ओळख पटवून देतात.

तेल करून विकायचा विचार तुम्ही शेवटी लिहिलाय. घरच्यासाठी जरूर करा. शास्त्रात प्रमाण आहे कल्काच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट रस, म्हणजे 1 किलो तेलाला पाव किलो वाटलेला पाला आणि 4 लिटर रस. ग्रंथात तिळाचं तेल आहे, आपण खोबरेल घेतो. लोखंडी कढईत मंद आचेवर, पाणी पूर्ण आटेपर्यंत, घाई करायची नाही. कल्काची बोटानं वात वळली, ती आचेवर धरल्यावर तडतडली नाही आणि तेलावर फेस आला की उतरवायचं. पाणी राहिलं तर महिन्याभरात खवट होतं. पण विकायचं म्हटलं की 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली लायसन्स लागतं, लेबल लागतं, ते न करता बाटल्या विकू नका. आणि गिऱ्हाइकाला टकलावर केस येतील असं सांगू नका. उंदरांवरच्या प्रयोगात केसांची वाढ दिसली आहे, माणसांवरचा मोठा पुरावा नाही. काविळीला माक्याचा रस पाजा असं कुणी विचारलं तर वैद्यांकडं नाहीतर डॉक्टरकडं पाठवा, कावीळ कशानं झाली ते आधी बघायला लागतं.

एक शेवटची काळजी. माक्याचं एक झाड हजारो बिया टाकतं. शेवटची कापणी उशिरा केली आणि बोंडं काळी होऊन गळली तर पुढची काही वर्षं त्या रानात आणि खालच्या शेजाऱ्याच्या उसात माकाच माका येईल, शेजारी तुम्हाला बोलेल आणि ते बरोबर असेल. बियाण्यासाठी वीस-पंचवीस झाडं एका कोपऱ्यात ठेवा, बाकी सगळं बोंड हिरवं असतानाच कापा, आणि चराचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं एक छोटा खड्डा करून पुढं जाळी लावा म्हणजे वाहून जाणारं बी तिथंच अडकेल.

तर आत्ता या महिन्यात दोनच कामं, ती वेडेलिया काढून उन्हात टाकणं आणि कालव्याच्या पाळीवरून बी गोळा करणं. पाळीवर जे झाड माका वाटेल त्याची पानं रगडा, दहा मिनिटं थांबा, आणि तळहाताचा आणि झाडाचा असे दोन फोटो मला पाठवा, बघून लगेच सांगतो.